वायसर खोटं बोलत नाही

"माझ्या भावाला काम देताय? द्या की. पण काम झालं, की त्यावरून एकदा दुसऱ्या कुणाचा तरी हात फिरवून घ्या."

शिंपीणबाई हे बोलली तेव्हा तिच्या ओठांत चार टाचण्या होत्या आणि समोर स्टुलावर चिमणी उभी होती, नव्या फ्रॉकची खालची दुमड घालून घेत. चिमणीची आई शेजारी उभी राहून टाचण्या मोजत होती. चार तोंडात, सहा फ्रॉकला, दोन उशीला. एखादी पडली आणि पोरीच्या पायात गेली तर? या मोजणीत तिने ते वाक्य ऐकलं आणि कानामागे टाकलं.

टाकायला कारणही होतं. शिंपीणबाई आणि तिचा थोरला भाऊ वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. दोन गल्ल्यांचं अंतर, पण सणकीने दोघं एकमेकांचा रस्ता टाळायचे. दुनियेचं उसवलेलं शिवून देणारी बाई, घरचं मात्र तसंच लोंबत ठेवलेलं. अशा बाईने भावाविषयी काही बोलावं आणि आपण ते मनावर घ्यावं, एवढी काही ती खुळी नव्हती.

खरं तर ती ताकही फुंकून पिणाऱ्यांतली. दूध तापवायच्या आधी हुंगणारी, औषधाच्या बाटलीवर खूण करून ठेवणारी, चिमणी दोन मिनिटं गप्प बसली की धावत जाऊन तिचं तोंड उघडून बघणारी. एकदा त्या तोंडातून शर्टाचं बटण निघालं होतं, तेव्हापासून तिचा जगावरचा उरलासुरला विश्वासही उडाला. नवरा तिला 'चौकशी खातं' म्हणायचा. कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकली होती. तिथे एक बाई सांगायच्या, आधी नोंदी करा, मग निष्कर्ष काढा. तिच्या नोंदी आजही पक्क्या असत. निष्कर्ष तेवढा ती आधीच काढून ठेवत असे.

गाडीचं असं होतं. पिकअप बावीस वर्षांची, सासऱ्यांच्या हातची. सासरे जाऊन तीन वर्षं झाली होती. नवऱ्याचा धंदा काचेचा, म्हणजे दुकानांच्या दर्शनी काचा कापायच्या आणि बसवायच्या. काच आडवी नेता येत नाही. मागच्या हौद्यात लाकडी घोडा उभा केलेला असतो, त्याला टेकवून, पट्ट्यांनी आवळून, उभीच न्यावी लागते. त्यामुळे सगळं वजन वर. वळणावर गाडी अशी कलायची, की बघणाऱ्याने आपोआप दुसऱ्या बाजूला झुकावं. मागच्या महिन्यात चौकातल्या गोल वळणावर माणसाएवढी एक काच तडकली.

"पुढची सळईच नाही हिला," वस्ताद खाली वाकून म्हणाले होते. "कधीतरी गंजून तुटली असेल, कुणीतरी काढून फेकली. एवढी वर्षं लंगडी चालतेय बिचारी."

वस्ताद म्हणजे शिंपीणबाईचा तोच भाऊ. सासऱ्यांचा जन्माचा दोस्त आणि गाड्यांचा जाणता. सळई म्हणजे पुढच्या दोन चाकांना आतून जोडणारा अंगठ्याएवढा जाड, दोन्ही टोकांना वाकवलेला पोलादी बार. एक बाजू दबायला लागली, की तो दुसरीला ओढून धरतो आणि गाडी कलत नाही. चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, तो दोन क्लॅम्पनी धरलेला असतो, डावा आणि उजवा, प्रत्येकी दोन बोल्ट. सळई, क्लॅम्प, रबरी बुश, नवे शॉकअप, चाकाला धरणाऱ्या खालच्या आर्मचे बुश, अशी खरेदी झाली. सगळं खोक्यांतून घरी आलं. तिने खोकी उघडून एकेका वस्तूवर नखाने ओरखडा काढून बघितला. रंग कोरा होता.

काम गुरुवार-शुक्रवारी करायचं ठरलं, कारण शनिवारी टेकडीपलीकडच्या गावी एका दुकानाच्या काचा पोचवायच्या होत्या. वाटेत चिमणीला आजोळी सोडायचं होतं. चिमणी पुढे बसणार, बापाशेजारी, पट्टा लावून. टेकडीला सतरा वळणं. ती तिने लग्नाआधीपासून मोजलेली होती. आणि ती स्वतः बरोबर नसणार, कारण घरी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तपासायला पडला होता.

गुरुवारी सकाळी वस्ताद आले. सायकलच्या मागे पान्यांची पेटी, हँडलला एक रिकामं पोतं. गाडीचं पुढचं तोंड जॅकवर उचललं, खाली लोखंडी घोड्या लावल्या, चाकं काढली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून अंगण सरळ दिसत असे. उत्तरपत्रिका घेऊन ती खिडकीतच बसली.

दहा वाजता चहा घेऊन गेली. स्टीलचा पेला इतका तापला होता, की तिने तो फडक्यात धरला होता. वस्तादांनी तो उघड्या तळहातावर घेतला, पाची बोटं आवळली आणि चिमणीला गोष्ट सांगत राहिले.

"हा कोण, ओळखलंस?" त्यांनी एक लोखंडी चकती तिच्यासमोर धरली.

"चाक! बाहुलीच्या गाडीचं."

"वायसर. बोल्ट आहे ना, तो लबाड. घट्ट झालो, घट्ट झालो म्हणतो. पाना पण त्याच्या बाजूने साक्ष देतो. हा मधे दबून बसलेला वायसर मात्र गरीब, खोटं बोलत नाही. बोटाने फिरवायचा. फिरला, की समजायचं वरचे दोघं थापा मारतायत."

चिमणी खिदळली. आईचं लक्ष मात्र पेल्याकडे होतं. तिने फडक्यातूनही ज्याचा चटका खाल्ला, तो पेला या माणसाने गोष्ट संपेपर्यंत मुठीत धरला होता. ऐट बघा, ती मनात म्हणाली. पोरीसमोर शौर्य. तिने नोंद केली आणि खिडकीत परत गेली.

अकराच्या सुमारास दुसरी नोंद झाली. नवऱ्याने तिला वस्तादांचा एक नियम कितीदा तरी सांगितला होता. लहानपणी बाबा आणि वस्ताद मिळून त्याला बोल्ट लावायला शिकवायचे तेव्हाचा. पहिले तीन आटे बोटाने, पाना नंतर. बोटाने गेला तर बोल्ट सरळ, अडला तर वाकडा. पान्याला जोर असतो, अक्कल नसते. आता तिला दिसत होतं, की वस्ताद गाडीखाली उताणे झोपून बोल्ट पान्याच्या तोंडातच बसवतायत आणि तसाच छिद्राला लावून कर्रकन फिरवतायत. एकदा नाही, दर वेळी. मधेच एक बोल्ट बाहेर काढला, डोळ्यांसमोर धरला, इकडेतिकडे बघितलं आणि पोत्यात टाकला.

जुन्या गाडीतून काढलेलं सामान पोत्यात जाणं वेगळं. तो बोल्ट चमकत होता.

ती पदर खोचून बाहेर गेली. "काका, काही हवंय का?"

"नको नको. सूनबाई, तू लांब राहा. तेल उडेल अंगावर." आणि बोलता बोलता त्यांनी पायाने पोतं गाडीखाली सरकवलं.

ही तिसरी नोंद, आणि इथे तिच्या मनात पाल चुकचुकली.

संध्याकाळी कणीक मळता मळता तिने नवऱ्यासमोर सगळं मांडलं.

"नवे पार्ट पोत्यात जातायत. गाडीत काय जातंय कुणास ठाऊक."

"झालं. चौकशी खातं उघडलं."

"हसू नकोस. मी बघितलंय."

"काय बघितलंस? जुने पार्ट घालताना बघितलंस?"

"लपवताना बघितलं."

"अगं, बाबांच्या शेवटच्या आजारात हा माणूस दीड महिना रोज उशाशी येऊन बसला."

"म्हणून आता गाडीत काहीही बसवायचा परवाना मिळाला का त्यांना? तुझ्याशेजारी शनिवारी कोण बसणार आहे, ते आठव जरा."

नवऱ्याने दाराबाहेर गाडीकडे बघितलं. मग म्हणाला, "हे बघ, शंका घ्यायला लागलं तर माणूस स्वतःच्या सावलीवरही घेतो. मी त्यांना विचारणार नाही. तूही विचारू नकोस. लाज वाटेल मला."

तिने कणकेवर एक बुक्की मारली. विचारू नकोस म्हणजे विचारणार नाही. बघू नकोस असं कुठे म्हणाला?

शुक्रवारी चाकं चढली, गाडी जमिनीवर उतरली. आर्मचे बोल्ट वस्तादांनी आता कुठे आवळले. "हे आधी आवळायचे नसतात," ते चिमणीला सांगत होते. "गाडीने आपलं वजन आपल्या पायावर घेतलं पाहिजे. लटकत्या पायात बूट घालून नाडी आवळली, तर उभं राहिल्यावर काचणार नाही का?" मग एकेका बोल्टला मोठा पाना लावून ते जोर देत. ठरलेला जोर लागला, की पाना 'कट्' म्हणे, आणि ते ब्रशने त्या बोल्टवर पिवळी रेघ ओढत. कट्, रेघ. कट्, रेघ. बोलणं ऐकलं तर वाटे, या माणसासारखा प्रामाणिक कुणी नाही. तिला ते बोलणंच आवडलं नाही. कुणी फार नीट समजावून सांगू लागलं, की ती पर्स पोटाशी धरत असे.

दोघं गाडीतून चक्कर मारून आले तेव्हा नवरा आनंदाने लाल झाला होता. "वळणावर जागची हलत नाही! बाबा असते तर नाचले असते."

"तो आवाज कसला येत होता?" तिने विचारलं. फाटकातल्या उंचवट्यावरून गाडी आत येताना तिने ऐकला होता. 'टक्'. एकच.

"नवं रबर आहे, बसतंय जागेवर."

तिने वस्तादांकडे बघितलं. ते पेटी आवरत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"काका, ते पोतं इथेच राहू दे. भंगारवाला आमच्याकडे येतोच."

"नको. मला त्यातलं काही कामाचं आहे." पोतं सायकलला बांधताना त्यांचा हात दोनदा दोरीवरून घसरला. दोरीवर तांबूस डाग उमटला. अंगठ्याशी कापलं होतं, रक्त येत होतं, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

ही चौथी नोंद. निष्कर्ष तोच. पळायची घाई झालीय चोराला.

शनिवारी नवरा आंघोळीला गेला आणि चिमणी अजून अंथरुणात लोळत होती, तेव्हा तिने जुना ड्रेस चढवला, विजेरी घेतली आणि गाडीखाली शिरली. पाठीला खडे टोचत होते. डोक्यावर तेलाचा, रबराचा वास. तिने आधी सळई शोधली. कोरी. तिच्यावर तिनेच नखाने काढलेला ओरखडा होता. शॉकअपवर ओरखडा. क्लॅम्पवर ओरखडा. सगळं तेच, तिने खोक्यात बघितलेलं. एकही जुना तुकडा नाही.

ती तिथेच पडून राहिली. गाल गरम झाले. सासऱ्यांच्या उशाशी दीड महिना बसलेला माणूस, आणि आपण त्याला दोन दिवस चोर ठरवून खिडकीत बसलो. नवऱ्याला काही कळायच्या आत बाहेर पडावं, ड्रेस धुवायला टाकावा, आणि दुपारी वस्तादांकडे काहीतरी गोड करून पाठवावं.

बाहेर सरकताना, कुणी हातावर तीर्थ घालताना जशी मान आपोआप वाकते, तसं तिचं बोट आपोआप डाव्या क्लॅम्पच्या वायसरकडे गेलं. चिमणीचा खेळ. डावा पुढचा, हलला नाही. डावा मागचा, हलला नाही. गरीब बिचारे, खरं बोलतायत. उजवा पुढचा.

फिरला.

तिने बोट काढलं. परत लावलं. बोल्टच्या डोक्यावर पिवळी रेघ सरळ, ठसठशीत. आणि तिच्याखाली वायसर बाहुलीच्या गाडीच्या चाकासारखा गरगर फिरत होता. मागचा पूर्ण फिरला नाही, पण डुगडुगला. तिने बोल्ट हाताने हलवून बघितला. तो दगडासारखा घट्ट. घट्ट आणि तरीही क्लॅम्पला न टेकलेला. विजेरी जवळ नेली तेव्हा दिसलं, की बोल्ट किंचित तिरका आत गेलाय. आट्यांत आडवा घुसून अडकलाय. म्हणून पाना 'कट्' म्हणाला. म्हणून रेघ.

त्या क्लॅम्पने सळई सोडली असती, तर ती कुठे पडली असती हे तिने विजेरीने बघितलं. खाली, चाक वळवणाऱ्या दांड्यावर. सतरा वळणं.

ती उठली. खिळ्यावरची गाडीची चावी मुठीत घेतली आणि न्हाणीघराच्या दारावर थाप मारली. "चिमणी झोपलीय, लक्ष ठेव. चावी माझ्याकडे आहे. गाडी हलणार नाही!"

"अगं पण झालं काय?" आतून पाण्याच्या आवाजातून प्रश्न आला. तोवर ती फाटकाबाहेर होती.

दोन गल्ल्या ती काय बोलायचं ते जुळवत गेली. वस्तादांच्या खोलीचं दार उघडंच होतं. ती उंबऱ्यापाशी थांबली, कारण आतलं दृश्य तिला कळेना.

टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं. त्यावर पोत्यातले बोल्ट मांडले होते. सहा, सगळे नवे, सगळ्यांचे पहिले आटे चिरडलेले. वस्ताद दाराकडे एक बाजू करून, ताठ बसले होते. एका हातात बोल्ट, दुसऱ्या हातात नट, आणि डोळे मिटलेले. ते नट बोटांनी लावायचा प्रयत्न करत होते. नट निसटून पडला, टेबलावर घरंगळला, फरशीवर टणकन वाजला. तो वाजेपर्यंत त्यांची बोटं हवेत फिरतच होती. हातात काही नाही हे त्यांना कानांनी कळलं.

"काका," ती म्हणाली. जुळवलेलं सगळं विसरली होती. "उजव्या क्लॅम्पचा वायसर फिरतोय."

ते वळले नाहीत. "पुढचा?"

"पुढचा. मागचाही डुगडुगतोय."

"पुढच्याची मला शंका होती."

"शंका होती?" तिचा आवाज चढला. "शंका होती आणि रेघ ओढलीत? माझी पोर बसणार होती त्यात! नऊ वाजता निघणार होते!"

"पाना कट् म्हणाला, सूनबाई."

"आणि वायसर? तुम्हीच शिकवलंत ना तिला? तो का नाही बघितला?"

"बघितला की." त्यांनी हात टेबलावर पालथे ठेवले, मग उताणे केले. उजव्या तळहातावर पेल्याच्या काठाच्या आकाराचा फोड होता, फुगून पिवळा झालेला. अंगठ्यावर कालचं रक्त वाळलेलं. "बोट लावलं. फिरला का नाही, ते बोटाने सांगायला पाहिजे ना. वर्षाच्या वर झालं, हातमोजे घातल्यासारखं वाटतं. काढता न येणारे."

तिच्या चारी नोंदी एकदम जागेवरून उठल्या आणि दुसरीकडे जाऊन बसल्या. पेला. पान्याने लावलेले बोल्ट. पोतं. रक्त. एकही चुकीची नव्हती. त्यांनी लपवला होता तो माल नव्हताच.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"दाखवलं नाही. दाखवलं की खरं होतं ते."

"कुणालाच माहीत नाही?"

"बहिणीला." ते खाली वाकून नट शोधू लागले. तो समोरच होता, तरी त्यांना उचलायला तीन खेपा लागल्या. "तिच्या दुकानात गप्पा मारत बसलो होतो. हात इस्त्रीवर टेकलेला. मला गप्पांत कळलं नाही, वास तिला आला. तेव्हा म्हणाली, दादा, पाने खाली ठेव आता. मी म्हटलं, यापुढे तुझं तोंड बघणार नाही."

म्हणजे हे होतं ते भांडण. आणि तिने ते वाक्य टाचण्या मोजता मोजता सोडून दिलं होतं. आयुष्यभर सगळ्यांवर शंका घेतली, आणि एकदाच कुणी आपणहून सावध केलं तेव्हा शंका घेतली ती सावध करणारीवर.

"मी येणारच होतो," वस्ताद म्हणाले. "निघायच्या आधी. हा एक नट लागला असता बोटाने, तर आलोच नसतो. नाही लागला, तर येऊन सांगणार होतो."

ते खरं होतं का, हे तिला आजही सांगता येत नाही. तिने फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सव्वाआठ.

"चला," ती म्हणाली. "पेटी मी घेते."

अंगणात नवरा ओल्या केसांनी उभा होता, कडेवर चिमणी. तिने त्याला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. त्याचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला. तो काहीतरी जहाल बोलणार, तेवढ्यात त्याची नजर त्या फोडावर गेली. त्याने मुकाट्याने जॅक लावला, घोड्या सरकवल्या आणि बाह्या सावरून खाली शिरायला लागला.

"तू नको," वस्ताद म्हणाले. "तू कायम जोर लावतोस. बापासारखाच. तिला जाऊ दे."

"हिला? हिने जन्मात पाना धरला नाही!"

"पाना कोण धरायला सांगतंय? बोटं पाहिजेत. आणि तिचा कशावर विश्वास नाही. असलंच माणूस पाहिजे खाली."

हे कौतुक की टोमणा, ते ठरवायला वेळ नव्हता. ती परत त्या खड्यांवर आडवी झाली. वस्ताद चाकापाशी स्टूल घेऊन बसले. आडवे घुसलेले दोन्ही बोल्ट नवऱ्याने बाहेरून हात घालून पान्याने काढले. आटे साफ करायचा टॅप तिने छिद्रातून फिरवला, लोखंडाचा चुरा फुंकून काढला. मग पेटीतला नवा बोल्ट, नवा वायसर.

"लाव बोटाने. गेला?"

"अडतोय."

"मग थांब. अडला की थांबायचं. आता उलटा फिरव, हळू. उलटा फिरवताना एक जागा येते, तिथे बोल्ट बारीक उडी मारतो. आटा आट्याला भेटतो तेव्हा. कळलं की सांग."

ती फिरवत राहिली. डोळे आपोआप मिटले. आणि मग बोटाच्या टोकाला ते कळलं. दिसलं नाही, ऐकू आलं नाही. दाराची कडी जागेवर पडावी तसं काहीतरी, मुंगीएवढं.

"मारली उडी!"

"आता सुलटा."

एक आटा. दोन. तीन. लोण्यातून जावा तसा. गाडीबाहेर वस्तादांचे पाय तिला दिसत होते, आणि त्यांच्या मांडीवर उजव्या हाताची बोटं हवेत तोच बोल्ट फिरवत होती.

दोन्ही बोल्ट बसले, पाना 'कट्' म्हणाला. तिने रेघ ओढू दिली नाही. आधी वायसर. हलला नाही. मग गाडीखालचा एकेक वायसर तिने बोटाने तपासला आणि बाहेर आकडा ओरडून सांगितला. चिमणीने प्रत्येक आकड्याला टाळी वाजवली. त्यानंतरच पिवळ्या रेघा.

काचा नऊऐवजी दुपारी दोनला निघाल्या. आणि त्यांच्याबरोबर तीही निघाली, चिमणी डाव्या मांडीशी, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उजव्या. नवऱ्याने त्या गठ्ठ्याकडे बघून हसू दाबलं. सतराही वळणं तिने मोजली. गाडी कलली नाही आणि 'टक्' झालं नाही. दोन पोरांच्या उत्तरपत्रिका मात्र त्या दिवशी जरा जास्तच कडक तपासल्या गेल्या असाव्यात.

परत आल्यावर ती शिंपीणबाईकडे गेली. बाईंनी मशीन थांबवलं नाही.

"घेतला का हात फिरवून?"

"घेतला. माझाच."

मशीन थांबलं. बाईंनी दोरा तोडला. मग एवढंच विचारलं, "फोडाला काही लावलंय का त्याने?"

वस्तादांना डॉक्टरकडे नेलं ते शिंपीणबाईंनीच. अजून बोलणं सुरळीत नाही. रिक्षात दोघं दोन बाजूंना तोंड करून बसतात म्हणे. साखरेचा आजार जुना निघाला, कुणीच न बघितलेला, हात त्यानेच बधिर केलेले. पण चिमणीच्या आईकडे वस्ताद स्वतःहून आले, सोमवारी सकाळी, हातात एक कागद. त्या वर्षात त्यांनी हात लावलेल्या गाड्या. अकरा. पुढचे पंधरा दिवस दोघं दारोदार गेली, ते स्टूल घेऊन, ती विजेरी घेऊन. "वस्ताद केलेलं काम तपासायला आलेत," ती सांगायची. ते तोंड फिरवून उभे राहायचे, पण परत फिरले नाहीत. अकरातल्या तीन गाड्यांत वायसर फिरले.

आता भेटेल त्याला ती हे सांगते, आणि ऐकणारा मान डोलवून आपल्या गाडीखाली बघून येतो. बघा जरूर. पण तिचं मागणं ते नाही. तुमच्या गल्लीत असा एक म्हातारा कारागीर असेलच. एकटा राहणारा, अलीकडे कुणाला जवळ येऊ न देणारा, ज्याने आपल्याच माणसाशी कारण न सांगता अबोला धरलेला. उद्या त्याच्याकडे जा. काम घेऊन जाऊ नका, तसेच जा. बसा, बोलता बोलता त्याचे तळहात बघा, आणि काय दिसलं ते त्या अबोल्यातल्या माणसाला सांगून या.